पान्हा आणि विश्वास



मराठी भाषेने एक गोष्ट फार पूर्वीपासून ओळखून ठेवली आहे. वासरू ढुसण्या देऊ लागले म्हणजे गाय दूध सोडते, त्याला आपण पान्हा म्हणतो. आणि लेकरू कुशीत आले म्हणजे आईला जे भरून येते त्यालाही पान्हाच म्हणतो. एक शरीराची गोष्ट, दुसरी मनाची. परंतु दोहोंना निराळे शब्द करावेत असे आपल्या आज्या-पणज्यांना वाटले नाही. गोठ्यात परका माणूस शिरला, कुत्रे भुंकले, वासरू दृष्टीस पडले नाही, की तेच जनावर पान्हा चोरते. दूध कासेत असते, मालक चरवी घेऊन बसलेला असतो, वैरणही त्यानेच घातलेली असते. आणि तरीही दूध येत नाही. जनावराला भरवसा वाटल्याखेरीज ते येत नाही.

हा भरवसा सुईने किंवा फवाऱ्याने बाहेरून घालता येईल काय, आणि घालता आला तर तो घालण्याचा अधिकार कोणाचा, हा आजचा विषय आहे. २००५ साली झुरिचच्या शास्त्रज्ञांनी असा प्रयोग माणसांवर केला आणि जगभर लोकांच्या मनात एक धास्ती उत्पन्न झाली. त्या धास्तीचा इतिहास आम्ही मुंबईच्या बाजूने सांगणार आहोत. आम्ही डॉक्टर नव्हे, प्राध्यापक नव्हे. शाळा दहावीपाशी संपली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि ग्रंथसंग्रहालयाच्या बाकावर झाले. तथापि ज्याने तीस वर्षे वर्गणीची पावतीपुस्तके घेऊन दारोदार पायऱ्या चढल्या, त्याला विश्वास या मालाचा बाजारभाव थोडाफार कळतो, एवढ्या बळावर हे धाडस आहे.

आरंभ म्हशीपासून केला पाहिजे.

मुंबईला दूध पुरविणारे तबेले एके काळी शहराच्या पोटातच होते. खेड्यातला शेतकरी म्हैस घरी पाळतो तेव्हा पारडू तिच्या जोडीला वाढते. शहरातल्या तबेल्याचा हिशेब वेगळा. तेथे जागेला भाडे, वैरण विकतची, आणि पारडू जेवढे पिते तेवढे दूध गिऱ्हाइकाच्या भांड्यातून कमी होते. त्यातून रेडा असला तर तो पुढेही कोणाच्या कामाचा नाही. तेव्हा पारडे उपाशी मरू देणे हाच व्यवहार ठरला. दूध आटले की म्हैसही भाकड म्हणून कसाईखान्यात जाई. १९४९ साली गोरेगावला आरे दूध वसाहत सुरू झाली आणि दारा खुरोडी यांच्या देखरेखीखाली हजारो म्हशी शहराबाहेर नेण्यात आल्या, त्यामागे नागरिकांच्या आरोग्याबरोबर ही नासाडी थांबविण्याचाही विचार होता.

परंतु पारडे मेल्यावर म्हैस पान्हावणार कशी? त्यावर माणसाने काढलेले उपाय ऐकण्यासारखे आहेत. पहिला उपाय म्हणजे मेलेल्या पारड्याच्या कातड्यात पेंढा भरून ते बुजगावणे म्हशीपुढे उभे करणे. ती बिचारी ते चाटते आणि दूध सोडते. दुसरा उपाय फुक्याचा. जनावराच्या योनिमार्गात नळीने हवा फुंकायची. हा प्रकार कलकत्त्याकडे अधिक बोकाळला होता आणि मुंबईलाही तो अपरिचित नव्हता. तो इतका क्रूर होता की १८९० साली प्राण्यांच्या छळाविरुद्ध जो कायदा झाला, त्यात फुक्यासाठी स्वतंत्र कलम घालावे लागले.

या फुक्याने आधुनिक भारताच्या इतिहासातही आपली जागा करून ठेवली आहे. महात्मा गांधींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले. पुढे खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी हिंडताना ते आजारी पडले, काही केल्या अंगात शक्ती येईना, आणि १९१९ च्या आरंभी मुंबईत डॉक्टर दलालांनी त्यांना निक्षून सांगितले की, दूध घेतल्यावाचून शरीर भरून येणार नाही. गांधीजींनी उत्तर दिले की, गाईम्हशींवर फुका करतात हे कळल्यापासून दुधाचा तिटकारा आला आहे आणि दूध न घेण्याचे व्रत आहे. बाजूला कस्तुरबा उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, मग शेळीच्या दुधाला तर हरकत नसावी! डॉक्टरांनी तो धागा चटकन उचलला, आणि गांधीजी शेळीचे दूध घेऊ लागले. आपण व्रताचा शब्द पाळला, आत्मा पाळला नाही, ही टोचणी त्यांनी आत्मकथेत नोंदवून ठेवली आहे. त्या शेळीची थट्टा पुष्कळांनी केली. तिच्यामागे तबेल्यातली म्हैस उभी आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

आता फुक्याने दूध का उतरत असे, ते पाहू. याचा उलगडा होण्यास विसावे शतक उजाडावे लागले. आपल्या मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी आहे. मराठी शास्त्रीय पुस्तकांतून तिला पीयूषिका म्हणतात (दादरला आणि गिरगावात उपाहारगृहांत पेल्यातून मिळते ते पीयूष निराळे). या ग्रंथीच्या मागल्या भागाचा अर्क दिल्यास गर्भाशय आकुंचन पावते, हे हेन्री डेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०६ साली दाखविले. चार वर्षांनी, १९१० साली, ऑट आणि स्कॉट यांनी शेळीवर प्रयोग करून त्याच अर्काने दूध सुटते असे दाखविले. त्या अर्कातील मुख्य द्रव्याला ऑक्सिटोसिन हे नाव पडले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ त्वरित प्रसूती. शरीरातील ग्रंथी रक्तात सोडतात त्या अशा द्रव्यांना आपण संप्रेरके म्हणतो, इंग्रजीत हार्मोन.

तेव्हा पान्ह्याची वाट अशी आहे. पारडू आचळ ओढते, त्याची वर्दी मज्जातंतूंतून मेंदूला जाते, पीयूषिका ऑक्सिटोसिन रक्तात सोडते, ते कासेत पोहोचते, आणि दुधाच्या बारीक पिशव्यांभोवतीचे स्नायू आवळून दूध खाली ढकलतात. प्रसूतीच्या वेळी मार्गावर ताण पडतो तेव्हाही मेंदूला अशीच वर्दी जाते. फुका करणारा तीच वर्दी खोटी पाठवीत असे. आपल्याला पिल्लू होत आहे असे त्या जनावराच्या देहाला वाटावे, अशी ती लबाडी. १९४१ साली अमेरिकेत ईली आणि पीटरसन यांनी याची दुसरी बाजू दाखविली. त्यांनी दुभत्या गाईंना मुद्दाम भेडसावले. कागदी पिशव्या फाडकन फोडल्या, पाठीवर मांजर ठेवले. गाईंनी दूध चोरले. भीतीने शरीरात दुसरे संप्रेरक सुटते आणि ते पान्हा अडविते. गवळ्याला जे परंपरेने ठाऊक होते त्याला हा शास्त्राचा शिक्का मिळाला.

पुढची पायरी रसायनशास्त्राची. १९५३ साली व्हिन्सेंट द्यु विन्यो याने या द्रव्याची घडण शोधून काढली आणि ते प्रयोगशाळेत बनवून दाखविले. अवघे नऊ दुवे असलेली ती साखळी आहे. १९५५ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. बाळंतिणींवर त्याने मोठेच उपकार झाले. बाळंतपणानंतर रक्तस्राव न थांबल्याने पूर्वी किती बाया जात, हे चाळीतल्या कोणत्याही वृद्ध बाईला विचारा. आमचा जन्म परळच्या वाडिया प्रसूतिगृहातला. गिरणगावच्या बायकांसाठी ते १९२६ साली उभे राहिले, आणि गिरणीमालकाच्या पैशातून उभे राहिले, हेही सांगितले पाहिजे. मालकांविषयी आम्ही आयुष्यभर जे बोललो ते बोललो, पण त्या इमारतीविषयी आम्ही वाकडा शब्द काढणार नाही.

तीच बाटली स्वस्त झाली तेव्हा ती तबेल्यात पोहोचली. पेंढा भरण्याचा त्रास नको, फुका नको. मानेत किंवा मांडीत सुई खुपसली की दोन मिनिटांत धार. पुढे प्राण्यांच्या छळासंबंधीच्या १९६० च्या कायद्यातील फुक्याच्या कलमात इंजेक्शनाचाही समावेश करावा लागला, म्हणजे कायद्यानेच ओळखले की सुई ही फुक्याची मुलगी आहे. शहरातील लोकांना दुधाविषयी जी भीती वाटली ती मात्र थोडी आडवाटेची होती. असे दूध प्याल्याने मुली लवकर वयात येतात, अशी बोलवा अजून ऐकू येते. वस्तुतः हे द्रव्य पोटात गेले तर पाचकरस त्याचे तुकडे करतात. सुईचा खरा जाच म्हशीला, आणि त्याहून अधिक त्या पारड्याला, ज्याची आता कातड्यापुरतीही गरज उरली नाही.

इतकी वर्षे ही गोष्ट जनावरांपुरती होती. आता माणसाकडे येऊ.

झुरिचच्या विद्यापीठात कोसफेल्ड, फेर आणि त्यांचे सहकारी यांनी २००५ साली एक खेळ मांडला. एका तरुणाला बारा नाणी दिली. त्याने त्यांतील हवी तेवढी दुसऱ्या अनोळखी तरुणाच्या हाती सोपवावयाची. सोपविलेल्या पैशाची तिप्पट होणार. पण त्यातून किती परत करावयाचे ते दुसऱ्याच्या मर्जीवर. तो सगळे गिळून बसला तरी दाद नाही. म्हणजे हा निव्वळ विश्वासाचा खेळ. खेळापूर्वी निम्म्यांच्या नाकात ऑक्सिटोसिनचा फवारा मारला, निम्म्यांच्या नाकात नुसत्या पाण्यासारखे निर्गुण द्रव्य; कोणाला काय मिळाले ते त्यांना ठाऊक नाही. औषध घेतलेल्या २९ जणांपैकी १३ जणांनी सगळीच्या सगळी नाणी सोपविली. दुसऱ्या गटातल्या २९ जणांपैकी असे करणारे ६ निघाले. समोर माणूस नसून नुसता नशिबाचा खेळ असला तर दोन्ही गटांत फरक दिसेना. सबब शास्त्रज्ञांनी निष्कर्ष काढला की, या द्रव्याने धाडस वाढत नाही, माणसावरचा विश्वास वाढतो.

हा निबंध ज्या नियतकालिकात आला, त्याच अंकात आन्तोनिओ दामासिओ या मेंदूशास्त्रज्ञाने टिपण लिहिले. उमेदवारांच्या सभेत राजकारणी लोक गर्दीवर हा फवारा मारू लागतील अशी भीती काहींना वाटेल, असे त्यात होते. आणि जाहिरातदार निराळ्या मार्गाने असे काही आजही करीत असतील, अशी पुस्तीही त्याने जोडली होती. वर्तमानपत्रांना याहून अधिक काय हवे असते? थोड्याच काळात अमेरिकेत एका कंपनीने ‘लिक्विड ट्रस्ट’ या नावाची कुपी विक्रीस आणली. कपड्यांवर शिंपडा आणि लोक तुमच्यावर विश्वास ठेवतील, असा तिचा बाणा. विश्वास कुपीत भरून विकणाऱ्यावर विश्वास ठेवून लोकांनी ती घेतली, ही त्यातली खरी गंमत!

मराठी माणूस अजून म्हणतो, विश्वास पानिपतात गेला. आम्हां मुंबईच्या कामगारवस्तीतल्या लोकांना ‘ट्रस्ट’ हा शब्दच निराळ्या रीतीने भेटला. आमच्याकडे पोर्ट ट्रस्ट म्हणजे गोदीचा मालक, आणि इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट म्हणजे १८९८ साली प्लेगनंतर स्थापन झालेले, जुनी वस्ती पाडणारे खाते. तेव्हा ‘ट्रस्ट’ आला म्हणजे बिऱ्हाड हलवावे लागणार, अशी आमच्या आजोबांच्या पिढीची समजूत होती. असो.

फवाऱ्याच्या बातमीने लोक का दचकले? आमच्या मते त्याचे उत्तर झुरिचमध्ये सापडण्यापेक्षा आर्थर रोडवर लवकर सापडेल. १८९६ च्या सप्टेंबरात डॉक्टर व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला. सरकारने घरे तपासण्यास, रोगी उचलून नेण्यास सुरुवात केली. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे एक हजार गिरणीकामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले. त्यांच्या डोक्यात काय होते? रुग्णालयात माणसांना उलटे टांगून मोमियाई काढतात, म्हणजे त्यांच्या देहातून औषधी अर्क गाळतात, अशी शहरभर आवई होती. राणीच्या पुतळ्याला कोणी डांबर फासले होते. त्याच्या भरपाईसाठी गिरणीकामगारांची काळजे हवी आहेत, असेही बोलले जात होते. शिकलेले लोक हसले. आम्हीही पहिल्याने वाचले तेव्हा हसलो.

परंतु हसून झाल्यावर विचार करावा. माणूस शिपायाने उचलून नेला, आत नातेवाइकाला जाऊ दिले नाही, आणि बहुधा तो परत आला नाही. काय चालले आहे हे मराठीत कोणी समजावून सांगितले नाही. मग रिकामी जागा आवईने भरली. मोमियाईची गोष्ट खोटी होती, पण आपल्या देहाचे काय करायचे हे आपल्याला न विचारता दुसरा ठरवीत आहे, हा त्या गोष्टीतला भाग खोटा नव्हता.

त्याच महिन्यांत भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत वाल्देमार हाफकिन हा गृहस्थ प्लेगची लस तयार करीत होता. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांना दिली. तेही खुशीने पुढे आले असे सांगतात, परंतु कैद्याच्या खुशीला किती वजन द्यावे, हे ज्याने कोठडी पाहिली आहे त्याने ठरवावे. पुढे आगाखानांनी आपल्या खोजा अनुयायांसमोर स्वतःला सुई टोचून घेतली आणि त्या समाजातले हजारो लोक पुढे झाले. शहर तेच, काळ तोच, सुईचे भयही तेच. एकीकडे दगडफेक, दुसरीकडे रांग. रांगेतल्या माणसाने आपला पुढारी आधी सुईखाली बसलेला पाहिला होता, आणि त्याला नको म्हणण्याची मुभा होती. हाफकिनची प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात आली आणि १९२५ पासून त्याच्या नावाने ओळखली जाते.

प्रत्यक्ष संप्रेरकांच्या सुईवरूनही आपल्या देशात एक वाद होऊन गेला आहे. १९८५ साली हैदराबादजवळ पटणचेरू येथे बायकांना मूल न होण्यासाठी नेट-एन नावाचे संप्रेरकाचे इंजेक्शन देण्याचे शिबिर भरले. हा प्रयोग आहे, याचे दुष्परिणाम संभवतात, हे त्या बायकांना सांगितलेच नव्हते. कार्यकर्त्या स्त्रियांनी ते सांगितल्यावर पुष्कळ जणी उठून गेल्या. हैदराबादच्या स्त्रीशक्ती संघटनेने इतरांसह १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, आणि मुंबईतल्या स्त्री-संघटनांनीही ही चळवळ अनेक वर्षे चालविली. औषध वाईट की चांगले यावर डॉक्टरांत दोन मते होती, आणि अजूनही आहेत. न विचारता टोचले, यावर दोन मते होऊ शकत नाहीत.

विश्वासाच्या औषधाला एक थोरला भाऊ आहे, तो सत्याच्या औषधाचा. आणि नवलाची गोष्ट अशी की, तोही बाळंतिणीच्या खोलीतच जन्मला. टेक्सासमधील रॉबर्ट हाउस हा डॉक्टर प्रसूतीच्या कळा कमी करण्यासाठी स्कोपोलामीन देत असे. १९१६ साली त्याच्या ध्यानात आले की, गुंगीतले माणूस विचारलेल्याचे उत्तर बेधडक देते. १९२२ साली त्याने डॅलसच्या तुरुंगात कैद्यांवर तो प्रयोग केला. आपल्याकडे मुद्रांक घोटाळ्याच्या तपासात नार्को चाचणी झाली, तिचे चित्रण लोकांनी घरी बसून दूरदर्शन संचावर पाहिले. २००४ साली मुंबई उच्च न्यायालयाने अशा चाचण्यांना मुभा दिली. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, संमतीवाचून कोणावरही ही चाचणी करता येणार नाही. सहा वर्षांत हा उलटा फेरा झाला, तो औषध बदलले म्हणून नव्हे.

आता आमच्या धंद्याकडे वळतो. कामगाराने मालकावर विश्वास ठेवावा म्हणून मालकवर्गाने किती खटाटोप केला, त्याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे, आणि त्यात नाकात फवारा कोठेच नाही. शिकागोजवळ हॉथॉर्न येथे विजेच्या सामानाच्या कारखान्यात १९२४ ते १९३२ पर्यंत प्रयोग चालले. आधी दिव्यांचा उजेड कमीजास्त करून पाहिला, मग वीस हजारांवर कामगारांच्या मुलाखती घेतल्या. कामगाराचे म्हणणे कोणी आस्थेने ऐकले की त्याची तक्रार निवळते, असा शोध लागला. पगार वाढवावा लागतो असा शोध मात्र लागला नाही. मुंबईत १९३४ च्या मोठ्या संपानंतर कायदा करून सरकारी लेबर ऑफिसर नेमला आणि गिरणीमालकांच्या संघानेही आपला नेमला. कामगारांच्या तक्रारी त्याने ऐकाव्या, म्हणजे त्यांना लाल बावट्याकडे जाण्याची गरज पडणार नाही, हा त्यातला हिशेब. काही लेबर ऑफिसर भले होते आणि काहींनी खरोखर कामे केली. तरीही पेंढा भरलेल्या पारड्याची आठवण आम्हांला येथे येते.

याहून पुढची उडी १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने मारली. एका धंद्यात एकच प्रातिनिधिक युनियन. सर्व कामगारांच्या वतीने बोलणार ती तीच. कापडगिरण्यांत ते स्थान राष्ट्रीय मिल मजदूर संघाला मिळाले. कायदा करणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. दहा युनियनांच्या भांडणात कामगार चिरडतो, हे आम्हीही पाहिले आहे. परंतु विश्वास ठेवावयाचा कोणावर हे त्या कायद्याने निबंधकाच्या वहीत लिहून टाकले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले ते डॉक्टर दत्ता सामंतांच्या मागे. आणि तो कायदा जावा ही त्यांची मोठी मागणी होती. तो संप कामगार हरले. लालबाग-परळचे पुढे काय झाले ते येथे सांगत बसत नाही, तुम्ही त्या उंच इमारतींखालून रोज जाता. एवढेच सांगतो की, अडीच लाख माणसांच्या मनात कोण आहे हे वहीतल्या नोंदीवरून कळले नव्हते.

उलट १९२८ चे वर्ष पाहा. एप्रिल ते ऑक्टोबर, सहा महिने संप. पगार नाही, वाण्याची उधारी तुंबलेली. गिरणी कामगार युनियन त्याच वर्षी नोंदविली गेली, आणि वर्षअखेर तिचे सभासद पन्नास हजारांवर गेले. हे भाषणांनी झाले असे पुष्कळांना वाटते. आमच्या धंद्यातली जाणती मंडळी जाणतात की ते गिरणीगिरणीतल्या कमिट्यांनी झाले. खात्यातला ओळखीचा माणूस, शेजारच्या खोलीत राहणारा, वर्गणीचा हिशेब मागितला तर दाखविणारा, आणि न दाखविला तर ज्याची कॉलर धरता येते असा. विश्वास जमला होता तो तेथे. एका बाबतीत तो पान्ह्यासारखाच आहे. तो चोरताही येतो. कामगार सभेला येतो, मान डोलावतो, आणि दुसऱ्या दिवशी कामावर जातो. तेव्हा पुढाऱ्याने समजावे की आपले काही चुकले आहे. हा चोरण्याचा हक्क ज्या दिवशी काढून घेतला जाईल, त्या दिवशी आमचाही धंदा बसेल. कारण मग खरा पुढारी आणि लफंगा यांत फरक कसा करावयाचा? फवारा तर दोघांच्याही खिशात असेल.

त्या फवाऱ्याचे पुढे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. २०१० साली आम्स्टरडॅमच्या दे ड्रू आणि सहकाऱ्यांनी दाखविले की, या द्रव्याने वाढणारा जिव्हाळा आपल्या गटापुरता असतो. परक्या गटाविषयी तो माणसाला उदार करीत नाही, उलट आपल्यांच्या बचावासाठी अधिक सरसावतो. पिल्लू जवळ असलेल्या म्हशीजवळ परक्याने जाऊन पाहावे, म्हणजे हा निष्कर्ष झोंबून कळेल. २०१५ साली नाव्हे, कॅमरर आणि मॅककला यांनी झुरिचनंतरच्या साऱ्या प्रयोगांची झडती घेतली आणि पुरावा डळमळीत आहे असे म्हटले. शेवटी २०२० साली बेल्जियममध्ये ६७७ जणांवर तोच खेळ नव्याने, आधी नियम जाहीर करून, खेळविला. करणाऱ्यांत झुरिचचे फेरही होते. औषध घेतलेले आणि न घेतलेले यांच्या विश्वासात एकंदरीने फरक आढळला नाही. आपलाच गाजलेला निष्कर्ष पुन्हा ऐरणीवर ठेवणे, आणि तो टिकला नाही हे स्वतःच्या सहीने छापणे, हे राजकारणात आम्ही फारसे पाहिलेले नाही.

म्हणजे कुपी पोकळ निघाली. धास्ती मात्र पोकळ नव्हती, आणि ती चुकीच्या जागी वळली म्हणजे काय होते तेही आपल्या देशाने पाहिले. तबेल्यांतील गैरवापर थांबविण्यासाठी केंद्र सरकारने २७ एप्रिल २०१८ रोजी फर्मान काढले की, देशात वापरण्यासाठी ऑक्सिटोसिन खाजगी कंपन्यांनी बनवू नये. ते फक्त सरकारी कारखान्याने बनवावे. असा कारखाना बंगळूरचा एकच पुढे आला. बाळंतीण झालेल्या बाईला रक्तस्राव होऊ नये म्हणून दहा युनिटांची जी सुई देतात, तिचा साऱ्या देशाचा पुरवठा एका दारावर येऊन थांबणार, हे पाहून डॉक्टर आणि औषधांविषयी चळवळ करणाऱ्या संस्था न्यायालयात गेल्या. तबेल्यात सापडणाऱ्या बिनलेबलाच्या बाटल्या परवानाधारक कंपन्यांतूनच येतात, असा पुरावा सरकारला देता आला नाही. १४ डिसेंबर २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ते फर्मान रद्द केले. सरकारने सर्वोच्च न्यायालयात अपील केले, आणि २०१९ साली तो प्रश्न अधिक न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपविण्यात आला. वाडियाच्या प्रसूतिगृहात कपाटात जी बाटली असते, तिच्याच नावाच्या बिनलेबलाच्या बाटल्या तबेल्यांतून पकडल्याच्या बातम्या त्यानंतरही अधूनमधून छापून येत राहिल्या.